नुसतं उभं राहायचं

हे बसून वाचत असाल तर उठा. चपला काढा. फोनवर वाचत असाल तर तो कपाटाच्या फळीवर, नजरेच्या उंचीला टेकवून ठेवा. कागदावर वाचत असाल तर एकदा सगळं वाचून घ्या आणि मग उभे राहा, घाई नाही. पुढच्या दहा-बारा मिनिटांत करायचं असं फारसं काही नाही.

दोन पावलांत खांद्यांइतकं अंतर घ्या. पावलांची बोटं समोर. बहुतेकांची पावलं आपोआप बाहेर वळतात. ती हळूच समांतर आणा, येतील तेवढीच. आता गुडघे. ते वाकवायचे नाहीत, पण मागे ताणून ताठही ठेवायचे नाहीत. झेंडावंदनाला रांगेतलं एखादं पोर चक्कर येऊन पडलं की सगळे त्याच्या उपाशी पोटाला बोल लावतात, पण त्यात पायांचंही अंग असतं. पाय ताठ करून निश्चल उभं राहिलं की पोटऱ्यांचे स्नायू हलत नाहीत, आणि पायांतलं रक्त वर ढकलण्याचं काम त्यांचंच असतं. म्हणून गुडघे सैल. बाहेरून बघणाऱ्याला कळूही नये इतपत.

तळव्यांकडे लक्ष न्या. डोळे तिकडे नकोत, मान खाली जाईल. वजन कुठे पडतंय? टाचेवर, चवड्यावर, की बाहेरच्या कडेवर? उजव्या पायावर जास्त की डाव्या? सुधारू नका, आधी नुसतं कळू द्या. एका पावलात सव्वीस हाडं असतात आणि दिवसभरात आपण त्यांची एकदाही विचारपूस करत नाही. इथे थोडं रेंगाळा. चार-पाच श्वास होऊन जाऊ देत.

मग अख्खं शरीर घोट्यांतून एक बोटभर पुढे झुकू द्या. पायाची बोटं लगेच जमीन पकडू लागतील. आता मागे. टाचा दाबल्या जातील आणि नडगीच्या पुढच्या बाजूला ताण येईल. या दोन्हींच्या मध्ये एक जागा अशी आहे की तिथे बोटं आपली पकड सोडून देतात. ती शोधा. दोन-तीनदा पुढे-मागे व्हावं लागेल. सापडली की तिथेच राहा.

या उभं राहण्याला चीनमध्ये झान झ्वांग म्हणतात. जमिनीत रोवलेल्या खांबासारखं उभं राहणं. ताई ची, शिंगयी, बाग्वा या ज्या युद्धकलांना तिकडे ‘आंतरिक’ म्हणतात, त्यांत ते कुठल्या ना कुठल्या रूपात असतंच. ताई चीचे संथ हात सगळ्यांनी कुठेतरी पाहिलेले असतात. उभं राहण्यात मात्र बघण्यासारखं काही नाही, त्यामुळे ते मागे पडलं. त्याला पुन्हा पुढे आणणारे होते वांग श्यांगझाई. जन्म १८८५चा, हेबेई प्रांतातल्या शेन परगण्यातला. (हेबेई आपल्याला अगदीच परका नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली याच प्रांतात वारले आणि त्यांची समाधी आज शिजियाझ्वांगला आहे.) गुओ युनशेन या शिंगयीच्या नामांकित उस्तादांकडे वांग शिकले, मग देशभर हिंडून इतरांच्या विद्या पाहिल्या, आणि १९२०च्या दशकात शांघायमध्ये शिकवताना त्यांनी एक गोष्ट केली, जिच्यामुळे पुष्कळांचा रोष ओढवला. ठरावीक हालचालींचे पाठ केलेले संच हीच बहुतेक घराण्यांची पुंजी. वांग यांनी ते संच सोडूनच दिले. जे ठेवलं त्याच्या मुळाशी उभं राहणं होतं. त्यातून निघणाऱ्या काही संथ हालचाली होत्या, आणि जोडीदारासोबतचा सराव. या पद्धतीला यीछ्वान म्हणतात.

एवढं वाचताना गुडघे पुन्हा ताठ झाले असतील. सोडा.

आता पावलांवरून वर या. माकडहाड जमिनीकडे ओघळू द्या, जणू मागे एक उंच स्टूल आहे आणि त्यावर टेकायचा नुसता विचार मनात आलाय. टेकू नका. विचारापाशीच थांबा. कंबरेच्या मागची खोलगट जागा थोडी भरून आली असेल. ओटीपोट मोकळं सोडा. आपण सगळे ते आत ओढून चालतो, आरशासाठी म्हणा, फोटोसाठी म्हणा. इथे कोणी बघत नाही.

डोकं मात्र खाली नको. यांग छंगफू हे ताई चीचे मोठे आचार्य. त्यांनी सांगितलेली दहा सूत्रं त्यांचे शिष्य छन वेइमिंग यांनी लिहून ठेवली, आणि त्यांतलं पहिलंच डोक्याविषयी आहे. टाळू वर, पण मानेने जोर लावायचा नाही. शिकवताना सांगतात की टाळूला दोरा बांधून कोणीतरी तुम्हाला हलकेच टांगलंय. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो. ते मणक्यांच्या बरोबर वर बसलं तर मानेला जवळपास काही करावंच लागत नाही. दोन बोटं पुढे आलं की मानेमागचे स्नायू दिवसभर ते ओढून धरत बसतात. हनुवटी किंचित आत घ्या. दात दातांवर दाबलेले असतील तर सोडा. जीभ टाळूला टेकू द्या. कपाळावर आठी आहे का तेही बघा. तिची उभं राहायला काडीची मदत होत नाही.

सगळ्या सरावाचा गाभा मला इथे दिसतो. शरीरात प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. वजन पेलणं हाडांचं, ते घेणं जमिनीचं. पण आपल्याकडे भलतेच लोक भलती कामं अंगावर घेऊन बसलेले असतात. खांदे वजन पेलतात, जबडा निर्धार करतो, भुवया लक्ष देतात. उभं राहताना नवीन काही शिकायचं नसतं. जिथे ताण जाणवेल तिथे एकच प्रश्न विचारायचा: हे काम कोणाचं? आणि ज्याचं असेल त्याच्याकडे ते जाऊ द्यायचं.

आता हात. रक्तदाब जास्त असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा गरोदर असाल, तर ते बेंबीच्या वर नेऊ नका, पोटासमोरच ठेवा. हात उंच धरून राहिलं की रक्तदाब चढतो. बाकीच्यांनी हळूहळू छातीच्या उंचीला आणा. पण सावकाश, आणि एका गोष्टीवर नजर ठेवून. हात उचलायचा विचार येताच खांदे कानांकडे निघतात. हात अजून मांडीपाशीच असतो, खांदा मात्र केव्हाच कामाला लागलेला असतो. तसं झालं तर हात खाली सोडा आणि पुन्हा सुरुवात करा. पुन्हा तेच होईल. तिसऱ्यांदा कदाचित हात एकटा थोडा वर येईल.

एखादं जाड खोड कवेत घेतल्यासारखे दोन्ही हात समोर गोल. तळवे छातीकडे, बोटं सुटी, दोन्ही हातांच्या बोटांमध्ये वीतभर अंतर. कोपरं खांद्यांपेक्षा खाली, पण कमरेला चिकटलेली नाहीत. काखेत एक अंडं मावेल इतकी पोकळी ठेवा. नजर समोर, कुठेही न रोखता.

आणि आता थांबा.

पहिलं मिनिट सुखाचं जातं. हात हलके वाटतात, शहाणपण आल्यासारखं वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला खांद्याच्या टोकाशी, जिथे सदऱ्याची शिवण येते तिथे, जळजळ सुरू होते. माणसाचा एक हात त्याच्या एकूण वजनाच्या सुमारे विसाव्या हिश्शाचा असतो. साठ किलोचा माणूस म्हणजे दर हाताला तीन किलो, आणि तेही छातीसमोर लांब धरलेले. जळजळीमागून थरथर येते. आधी करंगळीत, मग मनगटात. तिला दाबू नका. थकलेले स्नायुतंतू सुटतात, दुसरे जोडले जातात, त्यांचा ताल जमत नाही म्हणून हात थरथरतो. यात गूढ काही नाही, आणि लाजायचं कारणही नाही.

इथे दोन वाटा लगेच सुचतात. एक, हात खाली टाकायचे. दुसरी, दात-ओठ खाऊन रेटायचं. मराठी माणसाला दुसरी वाट फार आवडते. सूर्यनमस्कार आणि जोर-बैठकांत वाढलेल्यांना तर तीच खरी वाटते. ती इथे चालत नाही. रेटलं की खांदा आणखी आवळतो, आवळला की लवकर थकतो. तिसरी वाट बघा. कोपरांखाली पाणी आहे असं समजा. छातीपर्यंत पाणी, आणि हात त्यावर नुसते ठेवलेले. पाणी नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तरी खांद्याच्या आत काहीतरी एका धाग्याइतकं सुटतं. कल्पना बदलली, हात होता तिथेच राहिला, आणि तो धरण्याचा खर्च कमी झाला. वांग यांच्या शिकवण्यात पाणी, झाड, छातीशी धरलेला हलका चेंडू यांचं काम एवढंच होतं. ‘खांदा सैल सोड’ ही आज्ञा खांद्याला कळत नाही. तो तरंगतो आहे असं सांगितलं तर बऱ्याचदा कळतं.

फार झालं तर हात एक वीत खाली आणा, पोटासमोर. हरकत नाही. पण टाकू नका, आणा. येताना खांद्यावर तशीच नजर ठेवा.

आता श्वास. याबद्दल थोडक्यात, कारण याच्यावर जितकं कमी बोलावं तितका तो बरा चालतो. नाकाने घ्या, नाकाने सोडा. मोजू नका, लांबवू नका, रोखू नका. प्राणायामाची सवय असलेल्यांना हे जड जातं. बेंबीखाली तीन-चार बोटांवर, आतल्या बाजूला, चिनी परंपरेत दानत्येन मानतात. तिथे लक्ष आणि श्वास दोन्ही आपणहून उतरले तर उतरू देत. छाती पुढे काढलेली नसली आणि पोट आवळलेलं नसलं तर श्वासपटल आपोआप खाली जातं. श्वास हेही आपलं काम नव्हे.

मन कुठे आहे? बहुधा घड्याळात. किती झाली मिनिटं, अजून किती. गॅसवर काही ठेवलंय का. याला काय अर्थ आहे, नुसतं उभं राहून कोणाचं भलं झालं. ही शेवटची शंका केन्इची सावाई या जपानी माणसालाही आली असणार. ते ज्युदोतले आणि तलवारीतले तयार गडी. युद्धकाळात बीजिंगमध्ये होते. वांग यांची कीर्ती ऐकून गेले, हात मिळवून पाहिले आणि दर वेळी फेकले गेले. शिष्य करून घ्या म्हणून मागे लागले. शिष्य झाल्यावर काम मिळालं ते हेच, उभं राहण्याचं. महायुद्धानंतर जपानला परतल्यावर त्यांनी ताइकिकेन नावाची स्वतःची पद्धत सुरू केली, आणि टोकियोच्या मेइजी देवस्थानाच्या वनराईत त्यांचे विद्यार्थी झाडांमध्ये उभे राहू लागले. ज्याला हाणामारीत हरवता आलं नाही त्याचं ऐकायचं, एवढा सरळ हिशेब. पण उभं राहिल्यामुळे मारता कसं येतं, हे कोणी सांगून पटण्यासारखं नाही. आपल्याला मारायचंही नाही.

घड्याळाकडे गेलेलं मन परत तळव्यांत आणा. रागवू नका त्याच्यावर. बोटांनी जमीन पकडली आहे का?

एव्हाना काहींना आणखी काही जाणवत असेल. तळवे गरम होतात. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. हात आपल्यापासून दूर गेल्यासारखे, फुगल्यासारखे वाटतात. इथे ‘छी’ हा शब्द हमखास पुढे येतो. छी काय आहे यावर चीनमध्ये शतकानुशतकं वाद चालले आहेत. त्यात मी पडत नाही. माझं मत सरळ आहे: जे वाटतंय ते वाटू द्या आणि त्याच्या मागे जाऊ नका. लक्ष दिलं की तळवे असेही गरम वाटतात आणि वर धरलेल्या हाताला मुंग्या येतातच. मन रिकामं बसत नाही, त्याला करमणूक हवी असते. कालच्यासारख्या मुंग्या आज का नाहीत, म्हणून ते झुरत बसतं. तेही एक आगाऊ काम.

अशा जाणिवांच्या मागे जाणाऱ्यांचं काय होतं याचा मोठा दाखला चीननेच दिला. छी जोपासण्याच्या अशा सरावांचं छीगोंग हे नाव आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो अर्थ रुजला १९५०च्या दशकात. ल्यू ग्वेईझन नावाच्या एका कार्यकर्त्याचा पोटातला अल्सर अशा सरावाने बरा झाला. मग आरोग्यगृहं निघाली, पुस्तकं निघाली, सरकारनेही हात दिला. सांस्कृतिक क्रांतीत ते सगळं बंद पडलं. १९८०च्या दशकात पुन्हा उघडलं ते बांध फुटावा तसं: क्रीडागारं भरून टाकणारे गुरू, हात न लावता रोग बरे करण्याचे दावे. विश्वातले संदेश पकडण्यासाठी डोक्यावर पातेली घालून बसलेल्या माणसांची त्या काळातली छायाचित्रं आजही बघायला मिळतात. हसू येतं खरं. पण ती माणसं खोटी नव्हती. त्यांना काहीतरी जाणवत होतं, आणि आणखी हवं होतं.

वांग यांनी म्हातारपणी वेगळी दिशा धरली. बीजिंगच्या झोंगशान उद्यानात जुने सायप्रस वृक्ष आहेत. तिथे ते आजाऱ्यांना आणि वयस्कांना उभं राहायला शिकवत. त्यांचे शिष्य यू योंगनियान हे दंतवैद्य; त्यांनी हा सराव रुग्णालयांत नेला आणि त्यावर आयुष्यभर लिहिलं. वांग १९६३ मध्ये गेले. यातून कोणता रोग किती बरा होतो याचे आकडे इथे मांडण्यात अर्थ नाही, कारण चांगले मोजलेले प्रयोग झालेत ते ताई चीवर. २०१२ साली अमेरिकेतल्या ऑरिगनमध्ये झालेला एक प्रयोग भक्कम आहे: पार्किन्सनचे १९५ रुग्ण, चोवीस आठवडे, आठवड्यातून दोनदा सराव. ताई ची करणाऱ्यांचा तोल स्नायू ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला आणि ते पडलेही कमी. तो ताई चीचा निकाल आहे, नुसत्या उभं राहण्याचा नव्हे. दोन्हींची गल्लत नको.

तोलाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत बघा. डोळे अर्धे मिटा. आपण निश्चल उभे आहोत असं वाटतंय ना? जरा बारकाईने बघा. शरीर डोलतंय. किंचित पुढे, मग मागे, मग तिरकं. पोटऱ्या आवळतात, सुटतात, घोटे सावरतात. जिवंत माणूस याशिवाय उभाच राहू शकत नाही. मेंदू, कानाच्या आतली तोलाची यंत्रणा, डोळे आणि तळव्यांची त्वचा यांचा हिशेब सतत चालू असतो. हे डोलणं थांबवायला गेलात तर मोठं होईल. त्यालाही त्याचं काम करू द्या. ते लहान होत जातं की नाही, एवढंच बघत राहा. इथे हवं तितका वेळ घ्या. मला विचाराल तर सगळ्या सरावात मन रमावं अशी जागा हीच.

हात अजून वर असतील तर एक शेवटची गोष्ट करून बघू. वांग यांच्या पद्धतीत पुष्कळ दिवस उभं राहून झालं की मग हलायला परवानगी मिळते, आणि ती हालचाल अगदी क्षुल्लक असते. दोन्ही हात, जसे आहेत तसे, एक वीतभर पुढे न्यायचे आणि परत आणायचे. बस. पण छातीपर्यंत पाणी आहे, हे विसरायचं नाही. पुढे जाताना ते बोटांच्या मागच्या बाजूला अडतं, परत येताना तळव्यांत भरतं. एक वीत जायला एक पूर्ण श्वास लागू दे, किंवा दोन.

निघताना खांदा आधी निघाला का? थांबा, परत या, पुन्हा निघा. या वेळी हाताने सुरुवात करूच नका. वजन तळव्यांत केसभर पुढे सरकू द्या. ते घोट्यातून, गुडघ्यातून, कमरेतून वर येऊन हाताला ढकलतंय असं घडतंय का ते बघा. बहुधा नाही घडणार. कमरेपाशी कुठेतरी तुटेल आणि उरलेला रस्ता हात एकटाच कापेल. कुठे तुटलं ते कळलं, तर आजच्यापुरतं तेवढंच पाहिजे होतं.

आता हात सावकाश खाली आणा. तळहात बेंबीखाली, एकावर एक ठेवा. थोडा वेळ तसेच राहा. मग तळवे एकमेकांवर चोळा, चेहऱ्यावरून फिरवा, आणि खोलीत दोन-चार येरझाऱ्या घाला. एकदम खुर्चीत बसू नका. उद्या उभे राहिलात तर पाच मिनिटं पुरेत. मिनिटं वाढवायची घाई झाली आहे असं वाटलं, तर त्या दिवशी चारच करा. आणि गुडघे खरोखरच दुखत असतील, तर हे सगळं खुर्चीच्या कडेवर, पाठ न टेकता, पावलं जमिनीवर ठेवून बसूनही होतं. मग वजन कुठे पडतंय हे पायांऐवजी बैठकीच्या हाडांना विचारायचं.